देणगीदाराशी बोलायचा खर्च कोणत्या खात्यात?

सामाजिक संस्थांसाठी निधी उभारणीच्या कार्यशाळा आता जिल्ह्याच्या गावीही होऊ लागल्या आहेत. दोन दिवसांची विषयपत्रिका बहुतेक ठिकाणी सारखीच असते. पहिल्या दिवशी प्रस्तावलेखन, सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च) आणि कायदेशीर पूर्तता होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंदाजपत्रक आणि अहवाल. देणगीदाराशी कसे बोलावे, आभार कसे मानावेत, पुन्हा कधी मागावे हा भाग शेवटच्या दुपारी येतो, तोही लवकर निघणाऱ्यांची एसटी चुकू नये म्हणून आटोपता घेतला जातो. हा क्रम असाच का पडला, हे कळायला गेल्या दहा-बारा वर्षांतले कायदे पाहावे लागतात. त्याआधीचा इतिहासही मोठा आहे आणि त्याचा काही ठसा आजच्या प्रशिक्षणावर उरला आहे.

महाराष्ट्राला मागण्याची लाज कधी नव्हती. तळेगावचा काचकारखाना १९०८ मध्ये लोकांकडून पैसा-पैसा जमवलेल्या पैसा फंडातून उभा राहिला, पणजीत घरोघरच्या मूठभर धान्याच्या मुष्टिफंडातून शाळा निघाली. हिंगण्याच्या माळावर स्त्रीशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या महर्षी कर्व्यांनी सत्तरी ओलांडल्यावर निधीसाठी परदेश दौरा केला. त्यांच्या विद्यापीठाला १९२० मध्ये १५ लाखांची देणगी मिळाली होती, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढच्या पिढ्यांनी स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा केल्या, मदतीसाठी नाटकाचे प्रयोग लावले, वर्षातून एकदा हितचिंतकांचा स्नेहमेळावा भरवला. हे सगळे कार्यकर्ते बघून बघून शिकत. ज्येष्ठांबरोबर चार घरी गेले की काम समजे.

प्रशिक्षण म्हणून वेगळे काही लागायला लागले ते परदेशी निधीमुळे. परकीय निधी नियमनाचा पहिला कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत युरोपातल्या निधी संस्थांचा पैसा ग्रामीण महाराष्ट्रात आला आणि त्याच्याबरोबर उद्दिष्टे, निष्पत्ती आणि निर्देशकांचे तक्ते आले. प्रस्ताव इंग्रजीत लागायचा, म्हणून प्रशिक्षणही इंग्रजीत, बहुधा मुंबई-पुण्यात किंवा थेट दिल्लीत. ज्याला इंग्रजी येते तो संस्थेचा निधीवाला, ही वाटणी तेव्हा झाली आणि ती अजून मोडलेली नाही. त्याच सुमारास मुंबईत शुभेच्छापत्रे विकून, पत्रे पाठवून सामान्य माणसाकडून पैसे उभे करणाऱ्या काही संस्था वाढत होत्या. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनीही सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून इकडच्या कामांना संघटितपणे मदत सुरू केली होती. पण धुळ्या-नांदेडकडच्या संस्थांपर्यंत वैयक्तिक देणगीदारांशी संवाद साधण्याचे शिक्षण क्वचितच पोहोचले. त्यांना शिकवला गेला तो एका मोठ्या निधी संस्थेला तीन वर्षांसाठी पटवण्याचा मार्ग.

दुसरे वळण २०१४ चे. कंपनी कायद्याचे कलम १३५ त्या वर्षी १ एप्रिलपासून लागू झाले. ५०० कोटींचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी असेल तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. महाराष्ट्रात कंपन्यांची मुख्यालये भरपूर, त्यामुळे इथल्या संस्थांना मोठे दार उघडल्यासारखे वाटले. प्रशिक्षणाची बाजारपेठ खऱ्या अर्थाने तेव्हा उभी राहिली. ‘सीएसआर कसा मिळवावा’ या विषयावर एकदिवसीय, शुल्क घेऊन होणारी सत्रे भरू लागली.

इथून पुढचा गुंता प्रशासकीय खर्चाचा आहे आणि तो नीट सांगायला हवा, कारण आजही कार्यशाळेत सर्वांत जास्त चुका याच मुद्द्यावर ऐकायला मिळतात.

२०१४ च्या सीएसआर नियमांत एक उपयोगाची तरतूद होती. कंपनीला स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या आणि काम करणाऱ्या संस्थांच्याही क्षमतावाढीवर खर्च करता येत होता. मर्यादा एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुरुस्ती झाली आणि या ५ टक्क्यांतच प्रशासकीय खर्चही बसवायचा असे ठरले. म्हणजे संस्थेला शिकवण्याचा पैसा आणि कंपनीच्या सीएसआर विभागाचा खर्च एकाच ताटात आले. कोणाच्या वाट्याला किती गेले असेल, हे सांगायची गरज नाही. जानेवारी २०२१ मध्ये नियम पुन्हा बदलले. ५ टक्क्यांची मर्यादा राहिली, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चासाठी. संस्थांच्या क्षमतावाढीचा उल्लेख मात्र गळाला.

त्या ५ टक्क्यांचा अर्थ अनेक कंपन्यांनी उलटा लावला. मर्यादा कंपनीवर असताना त्यांनी ती संस्थेच्या अंदाजपत्रकावर लावली: तुमचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नको. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये खुलासा केला की अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचा खर्च या मर्यादेत येत नाही. तरी छापील अर्जाच्या नमुन्यांत तो आकडा राहिला तो राहिलाच. संस्थाही वाद घालत नाहीत. काम मिळतेय ते जाईल, ही भीती. माझ्या मते कायदा न वाचता लावलेल्या या अटीने छोट्या संस्थांचे जितके नुकसान केले तितके प्रत्यक्ष कायद्याने केले नाही.

परदेशी निधीत तर प्रशासकीय खर्चाची मर्यादा थेट संस्थेवरच आहे. १९७६ च्या जागी आलेल्या २०१० च्या परकीय निधी कायद्यात ती ५० टक्के होती. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ती २० टक्क्यांवर आणली. या खर्चात काय मोजायचे, ते २०११ च्या नियमांत दिले आहे: कार्यकारी मंडळाचे मानधन व प्रवास, व्यवस्थापनासाठी नेमलेल्यांचे पगार, कार्यालयाचे भाडे, वीज, फोन, टपाल, स्टेशनरी, हिशेब ठेवण्याचा खर्च, वाहन, वकील-सीएची फी आणि अहवाल लिहून दाखल करण्याचा खर्चसुद्धा. शाळेतल्या शिक्षकाचा, दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार यातून वगळला आहे, ते रास्तच. पण देणगीदाराला पत्र लिहिणारी, त्याचा फोन घेणारी, त्याच्या पैशाचे काय झाले हे कळवणारी व्यक्ती वगळलेल्यांत कुठेच बसत नाही.

आकड्यांत पाहू. समजा, एका संस्थेला वर्षाला ४० लाखांचा परदेशी निधी येतो. २० टक्के म्हणजे ८ लाख. लेखापालाचा पगार ३ लाख, कार्यालयाचे भाडे १ लाख ८० हजार, लेखापरीक्षण ६० हजार, वीज, फोन आणि प्रवास मिळून १ लाख १० हजार. झाले साडेसहा. उरलेल्या दीड लाखात समन्वयकाच्या व्यवस्थापकीय वेळेचा मोबदला बसवायचा की देणगीदार सांभाळायला माणूस ठेवायचा? ठेवलाच, तर महिना साडेबारा हजारांत. अशा जागेवर माणूस वर्षभर टिकत नाही आणि तो गेला की देणगीदारांच्या ओळखीही जातात.

सरकारची बाजूही आहे. काही संस्थांचा पैसा वातानुकूलित कार्यालये, गाड्या आणि परिषदांवर जात होता, गावात कमी उतरत होता, ही तक्रार सरकारची एकट्याची नव्हती. गावागावांतले कार्यकर्तेही तेच म्हणत. ५० टक्क्यांचे समर्थन करणे मलाही जड जाईल. पण उधळपट्टी रोखायला ओढलेल्या रेघेने हिशेबनीस, अहवाललेखक आणि देणगीदार संपर्क यांना उधळपट्टीच्या बाजूला टाकले. उत्तरदायित्व मागायचे आणि उत्तर देणाऱ्या माणसाचा पगार अनावश्यक ठरवायचा, हे एकत्र चालत नाही.

२०२० च्या त्याच दुरुस्तीने एका नोंदणीकृत संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणे पूर्ण बंद केले आणि निधी स्वीकारण्याचे खाते दिल्लीतल्या एकाच ठरलेल्या बँक शाखेत उघडणे सक्तीचे केले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही तरतुदी वैध ठरवल्या. पहिल्या तरतुदीचा प्रशिक्षणावर थेट परिणाम झाला. मोठ्या संस्था परदेशी निधी घेऊन पंधरा-वीस लहान संस्थांना वाटत, आणि त्यांचे हिशेब नीट राहावेत म्हणून त्यांना शिकवतही. निधीबरोबर ती साखळीही तुटली.

दाराशी असलेल्या देणगीदाराकडे संस्था वळल्या त्या या तुटीनंतर आणि कोविडच्या काळात. तेव्हा लक्षात आले की त्याची नोंदच कुठे नाही. कार्यशाळेत पावतीपुस्तके आणायला सांगतात, तेव्हा स्थळप्रतींवर काय सापडते? ‘श्री. पाटील, रु. ५००/-’. कोणते पाटील, कुठले, कशासाठी दिले, काही नाही. काही पानांवर ‘एक हितचिंतक’. कार्बन नीट न बसल्याने काही रकमा वाचताच येत नाहीत. पंधरा वर्षे दर वर्षी पैसे देणारा माणूस संस्थेच्या दप्तरात असा अर्धवट पडून असतो.

या बाबतीत आयकर खात्याच्या सक्तीने संस्थांचे भलेच केले, असे मी म्हणेन. २०१७-१८ पासून २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जी ची, म्हणजे देणगीदाराला मिळणाऱ्या आयकर वजावटीची, सवलत बंद झाली. आधी ही मर्यादा १०,००० होती. २०२१-२२ पासून फॉर्म १०बीडी आला. प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, ओळख क्रमांक, देणगीचा प्रकार, कशी मिळाली आणि किती, हे ३१ मेपर्यंत भरायचे. त्यातून तयार होणारे प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचे. उशीर झाला तर रोज २०० रुपये शुल्क, वर किमान दहा हजारांचा दंड होऊ शकतो. सुरुवातीला सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पण यामुळे पहिल्यांदाच शेकडो संस्थांकडे देणगीदारांची वाचता येईल अशी यादी तयार झाली. चांगले प्रशिक्षक आता दुसऱ्या दिवसाची सुरुवात याच यादीपासून करतात: सलग तीन वर्षे देणारे कोण, गेल्या वर्षी थांबले कोण, कोणाला प्रमाणपत्राखेरीज एकही ओळ गेलेली नाही.

मात्र ८०जी वर सगळा संवाद बेतणे आता चालणार नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून ती प्रणाली आपोआप लागू होणारी झाली. ‘करसवलतीसाठी मार्चअखेर द्या’ हे वाक्य बऱ्याच पगारदारांना लागूच होत नाही. तरीही पत्रकांत ते सर्वांत वर, ठळक अक्षरांत असते आणि मुलींच्या वसतिगृहात या वर्षी काय घडले ते खाली चार ओळींत.

परदेशातल्या मराठी माणसाबाबतही अशीच गल्लत होते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय निधी धरली जात नाही. तिने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की धरली जाते, मग ती मूळची साताऱ्याची असली तरी. न्यू जर्सीहून आलेल्या दोन सख्ख्या भावांच्या पैशांना दोन नियम लागू शकतात. हे विचारायला संकोच वाटतो म्हणून विचारले जात नाही आणि लेखापरीक्षणात अडकते.

मासिक देणगीचे गाडे तर रुळावर येता येता घसरले. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांचे नियम लागू झाले आणि कार्डावरून दरमहा आपोआप जाणाऱ्या अनेक रकमा थांबल्या. देणगीदाराला वाटत होते पैसे जाताहेत. संस्थेला वाटले त्याने बंद केले. ज्या संस्थांनी प्रत्येकाला फोन करून नवी संमती घेतली त्यांचे देणगीदार बऱ्यापैकी टिकले. फोन करायला माणूस मात्र हवा होता.

यापुढची भर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाची आहे. कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटातून नंबर उचलून आवाहन पाठवणे, एका संस्थेची यादी दुसरीला देणे, लाभार्थी मुलाचा फोटो नावासकट छापणे, या सगळ्या सवयी त्यात येतात. संमतीचे दोन ओळींचे वाक्य पावतीवर मराठीत कसे छापायचे, एवढ्यापासून सुरुवात करावी लागेल. हा विषय अजून तरी बहुतेक कार्यशाळांच्या विषयपत्रिकेत नाही.