सरवा (बायबलमधील)

सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात मागे राहिलेली कणसे, ओंब्या किंवा शेंगा. मराठी बायबलमध्ये हा शब्द थेट शेतातून आला आहे. ज्वारीची काढणी किंवा भुईमुगाची उपटणी पाहिलेल्या वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे सरवा वेचू देणे हा मालकाचा भलेपणा मानला जातो. प्राचीन इस्राएलच्या नियमशास्त्राने मात्र तो गरिबाचा हक्क ठरवला होता.

बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकानुसार (19:9-10) मालकाने शेताच्या कोपऱ्यापर्यंत कापणी करू नये, गळालेल्या ओंब्या उचलू नयेत आणि द्राक्षमळा खुडून पार रिकामा करू नये. ते ‘गरीब व उपरी’ (परके, परदेशी) यांच्यासाठी राहू द्यावे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (24:19-22) आणखी भर आहे : शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नये, जैतुनाचे झाड एकदा झोडपल्यावर पुन्हा झोडपू नये. तिथे हक्कदार उपरी, अनाथ आणि विधवा हे आहेत, आणि आठवण करून दिली आहे की तुम्हीही मिसर (इजिप्त) देशात दास होता. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे सगळ्यांच्या तोंडी असलेले वचन लेवीयच्या याच अध्यायात, या नियमानंतर आठच वचनांनी येते. प्रीतीआधी शेताच्या कोपऱ्याचा हिशेब आला आहे, ही गोष्ट प्रवचनांत बहुधा निसटते.

नियम चालताना कसा दिसे, हे रूथच्या पुस्तकात पाहायला मिळते. रूथ मवाब देशाची, म्हणजे उपरी, आणि विधवाही. सासू नामीबरोबर ती बेथलेहेमात येते तेव्हा सातूची कापणी नुकतीच सुरू झालेली असते. कापणाऱ्यांच्या मागे मागे वेचत ती बवाज नावाच्या जमीनमालकाच्या शेतात पोहोचते. तिला हात लावू नका, असे बवाज गड्यांना बजावतो. सरवा वेचणाऱ्या एकट्या बाईला कसली भीती असे, ते या एका वाक्यातून कळते. दुपारी तो तिला सिरक्यात भाकर बुडवायला बोलावतो, भाजलेले दाणे देतो. ती पोटभर खाते आणि उरलेले सासूसाठी बांधून ठेवते. संध्याकाळी झोडपल्यावर सातू भरते सुमारे एक एफा, आजच्या मापाने साधारण 22 लिटर. एका दिवसाच्या सरव्याला हे फार झाले. पण बवाजने पेंढ्यांतून मुद्दाम काही ओंब्या गाळायला सांगितल्या होत्या, त्याचा हा परिणाम.

इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातील ‘पेआ’ (कोपरा) या प्रकरणात यहुदी धर्मपंडितांनी सगळे बारकावे ठरवले. कोपरा शेताच्या साठाव्या हिश्शाहून कमी नसावा. हिल्लेल या धर्मपंडिताच्या परंपरेनुसार एकत्र पडलेल्या दोन ओंब्या गरिबाच्या, तीन असतील तर मालकाच्या. कोपऱ्यातले पीक विळ्याने कापायचे नाही, हातानेच उपटायचे, म्हणजे गर्दीत कोणी कोणाला इजा करणार नाही. सर्वांत कडक कलम मालकासाठी आहे : एकाला वेचू देणारा आणि दुसऱ्याला अडवणारा, किंवा वेचणाऱ्यांपैकी एखाद्यालाच मदत करणारा मालक गरिबांना लुटतो. कोणाला मिळावे हे ठरवण्याची मुभाच त्याला नाही, त्यामुळे उपकाराचा आवही आणता येत नाही. या कसोटीवर बवाजचे वागणे कुठे बसते? त्याने गाळायला लावल्या त्या स्वतःच्या पेंढ्यांतल्या ओंब्या, म्हणून ते सरव्यात न मोडता दानात मोडते, असे म्हणता येईल.

नियम होता म्हणजे तो पाळला जाई, असे नाही. जुन्या करारातीलच ईयोब या पुस्तकात (24:10) उपाशी पोटी दुसऱ्याच्या पेंढ्या वाहणारे मजूर दिसतात.

युरोपातही ही प्रथा शतकानुशतके चालली. इंग्लंडमधील सफोक परगण्यातल्या टिमवर्थ गावी मेरी हॉटन हिने शेतात सरवा वेचला, तेव्हा तिच्यावर अतिक्रमणाचा दावा झाला. 1788 मध्ये न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की असा हक्क इंग्लिश कायद्यात नाही. वेगळे मत देणाऱ्या न्यायमूर्ती गूल्ड यांनी लेवीयचा आधार घेतला होता; यहुद्यांचे नियम आपल्यावर बंधनकारक नाहीत, असे त्यावर उत्तर आले. तरीही पुढच्या शतकात कित्येक इंग्लिश खेड्यांत हंगामात सकाळी चर्चची घंटा वाजे आणि बायका-मुले एकदमच शेतात शिरत. संध्याकाळी ती पुन्हा वाजली की वेचणे बंद.