फोनो प्रीअँप्लिफायर, घरगुती

ध्वनिमुद्रिकेच्या पिकअपमधून येणारा क्षीण संदेश मुख्य अँप्लिफायरला पुरेल इतका वाढवणारे व मुद्रणात बदललेला वारंवारतांचा तोल पूर्ववत करणारे, हौशी बांधणीचे मंडल. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईबरोबर चुंबक हलणारे पिकअप) सु. ५ मिलिव्होल्ट देते. त्यासाठी १ किलोहर्ट्‌झला सु. ४० डेसिबल वाढ आणि इनपुटला ४७ किलोओमचा भार लागतो.

समकरणाचा, म्हणजे हा तोल पूर्ववत करण्याचा, वक्र अमेरिकेतील आरआयएए या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९५४ मध्ये ठरवला. त्याचे कालांक (रोध व धारितेच्या गुणाकाराने येणारे, वक्राची वळणे ठरवणारे काळ) ३१८०, ३१८ व ७५ मायक्रोसेकंद आहेत. सर्व कंपन्यांनी तो नेमका केव्हा स्वीकारला, याविषयी मतभेद आहेत. चौथ्या, ३.१८ मायक्रोसेकंदांच्या कालांकाचा वाद अधिक चिवट आहे. तो जर्मनीतील, तबकडी कोरण्याची यंत्रे बनवणाऱ्या न्यूमान कंपनीच्या नावाने ओळखला जातो. तबकडी कोरताना ५० किलोहर्ट्‌झच्या पुढे होणारी घट भरून काढायची, असे मानून तो काही मंडलांत घालतात. त्याने २० किलोहर्ट्‌झला सु. ०.६ डेसिबल उठाव मिळतो. परंतु न्यूमानच्या कोरणी यंत्रातील एसएबी ७४ या अँप्लिफायरमधील छाटणी दुसऱ्या कोटीच्या फिल्टरची असून २० किलोहर्ट्‌झला ती जेमतेम ०.१ डेसिबल भरते. त्यामुळे हा कालांक वगळणेच सयुक्तिक ठरते.

एनई ५५३२ ही ऑपरेशनल अँप्लिफायर आयसी वापरून, नॉन-इन्व्हर्टिंग (संदेश न उलटवणाऱ्या) जोडणीत, फीडबॅकमध्ये २०० किलोओमला समांतर १५.९ नॅनोफॅरड आणि त्याच्याशी एकसरीत १७ किलोओमला समांतर ४.४ नॅनोफॅरड लावावे. १७ किलोओम १५ व २ जोडून मिळतात, ४.४ नॅनोफॅरड २.२ चे दोन समांतर लावून. इन्व्हर्टिंग टोकापासून ग्राउंडपर्यंत २२० ओम आणि २२० मायक्रोफॅरड एकसरीत असावेत. हा कपॅसिटर गाळण्याची चूक वारंवार होते. आयसीचा सु. २०० नॅनोअँपिअर इनपुट प्रवाह ४७ किलोओममधून गेल्याने ९.४ मिलिव्होल्ट उभे राहतात. तो कपॅसिटर नसल्यास डीसी वाढ हजारपटीच्या जवळ असल्याने आउटपुट ९ व्होल्टवर जाऊन बसते. फीडबॅकचे कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टायरीनचे, १ टक्क्याचे घ्यावेत; सिरॅमिकचे काही प्रकार व्होल्टेजनुसार धारिता बदलतात.

सुधारणा म्हणून बहुधा आयसी बदलतात. उच्च वारंवारतेला या मंडलाची वाढ एकपटीकडे सरकते. त्यामुळे एनई ५५३४, जिला तीनपेक्षा कमी वाढीसाठी बाहेरून कपॅसिटर लागतो, तशीच बसवली तर आंदोलने सुरू होतात. वेगवान आयसीसाठी ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर पुरवठ्याच्या पायांलगत हवेत, वीतभर अंतरावर नव्हेत. आउटपुटला १०० ओम एकसरीत असल्यास लांब केबलने बिघाड होत नाही.

गुणगुण बहुतेक ग्राउंड लूपमुळे किंवा ट्रान्सफॉर्मरच्या सान्निध्याने येते. टर्नटेबलची अर्थ तार इनपुट सॉकेटलगत चॅसिसला जोडावी. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजसाठी (तिच्यात चुंबकाऐवजी वेटोळे हलते व संदेश अधिक क्षीण असतो) आणखी सु. २० डेसिबलचा पहिला टप्पा लागतो.

तपासणीत १ किलोहर्ट्‌झच्या तुलनेत १०० हर्ट्‌झला १३.१ डेसिबल अधिक व १० किलोहर्ट्‌झला १३.७ डेसिबल कमी आउटपुट दिसावे.