ठसठशीत आणि तरी चुकीचं

२०१३ ची गोष्ट. एका कंपनीत बांधकामाचा प्लॅन झेरॉक्सच्या वर्कसेंटर मशीनमध्ये घातला आणि कॉपी काढली (हो, आपण कॉपीलाच झेरॉक्स म्हणतो, तीच कंपनी). मूळ कागदावर तीन खोल्या होत्या, १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटरच्या, आणि कॉपीत तिन्ही १४.१३ च्या. एक खोली चांगली ऐसपैस दिसतेय आणि आकडा मात्र छोट्या खोलीचा. बरं, आकडा पुसट नाही, तुटलेला नाही, चक्क ठसठशीत. डेव्हिड क्रीझेल नावाच्या जर्मन कम्प्युटर सायंटिस्टने याचा छडा लावला आणि ऑगस्टमध्ये सगळं जाहीर केलं.

हे झालं कसं ते बघण्यासारखं आहे. ए-फोर कागद ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, स्कॅन केला की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे जवळपास ८७ लाख ठिपके होतात, रंगीत असेल तर ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे एकच पान साधारण २६ एमबी. ऑफिसात असे कागद लाखाने असतात, त्यामुळे दाबून लहान केल्याशिवाय गत्यंतरच नाही. जेबिग-२ नावाच्या पद्धतीत एक हुशारी आहे, पानावर एकसारखे दिसणारे ठिपक्यांचे पुंजके शोधायचे, त्यातला एकच साठवायचा आणि बाकी ठिकाणी नुसतं 'तोच इथेही' असं नोंदवायचं. पण 'एकसारखं' म्हणजे किती एकसारखं? ही अट जरा सैल झाली की बारीक टायपातला ६ आणि ८ मशीनला जुळे भाऊ वाटतात, आणि ६ च्या जागी आरामात ८ येऊन बसतो. कंपनीने नंतर पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, काढला, जर्मनीच्या माहिती-सुरक्षा खात्याने तर मूळ कागदाऐवजी ठेवायच्या स्कॅनसाठी ही पद्धत वापरायचीच नाही असं सांगितलं.

आता हा स्कॅन ऑफिसचे कागद साठवणाऱ्या सिस्टिममध्ये गेला की पुढे काय? स्कॅन म्हणजे फोटो. करारनामा असो की मांजराचा फोटो, मशीनला दोन्ही ठिपकेच. म्हणून ओसीआर चालवतात, ते ठिपक्यांतून अक्षरं ओळखतं, मग त्या शब्दांचा इंडेक्स बनतो, पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना तसाच, कुठला शब्द कुठल्या कागदात आहे याची यादी. तुम्ही 'गोदाम करार' टाइप केलंत की सिस्टिम लाखभर फाइल उघडून वाचत बसत नाही, 'गोदाम'ची यादी आणि 'करार'ची यादी घेते, दोन्हींत असलेले कागदांचे नंबर काढते, झालं. पण ओसीआरने 'गोदाम'चं 'गोदास' वाचलं असेल तर तो कागद समोर असून सापडणार नाही, काखेत कळसा नि गावाला वळसा.

यावर उपाय म्हणजे मेटाडेटा, म्हणजे पार्टीचं नाव, तारीख, कागदाचा प्रकार वगैरे वेगळं नोंदवणं. तारीख २०१३-०८-०५ अशी वर्षापासून लिहिली तर फाइली नावाने लावल्या तरी आपोआप क्रमाने लागतात, एवढी साधी गोष्ट पण कोणी करत नाही. आणि रकाने मोजकेच ठेवा हो! मी वापरलेल्या एका सिस्टिममध्ये अपलोड करताना इतके रकाने भरायला लागायचे की सगळे डोळे मिटून 'इतर' निवडायचे, शेवटी 'इतर' हेच सगळ्यात मोठं कपाट झालं.

अजून एक फरक लोक विसरतात, डॉक्युमेंट आणि रेकॉर्ड. 'फायनल', 'फायनल २', 'आता खरंच फायनल' हे सगळे ड्राफ्ट झाले, त्यात बदल होणारच, व्हर्जन ठेवल्या की काम भागतं. सह्या झाल्या की मात्र तो रेकॉर्ड, मग त्याला हात लावायचा नाही आणि मुदत संपेपर्यंत डिलीटही करायचा नाही. रेकॉर्डसाठी आयएसओ १५४८९ हे स्टँडर्ड २००१ पासून आहे. बऱ्याच वर्षांनीही फाइल उघडावी म्हणून २००५ मध्ये पीडीएफ-ए हा पीडीएफचाच जपून ठेवायचा प्रकार आला, त्यात फॉन्टसुद्धा फाइलच्या आतच भरलेले असतात.

हात लावला नाही हे कळणार कसं, तर हॅशने, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशाने. एसएचए-२५६ ही हॅश काढायची पद्धत कुठल्याही फाइलवर चालवा, ६४ खुणांची एक ओळ मिळते, आणि फाइलमध्ये एक स्वल्पविराम हलवला तरी ती पार बदलून जाते. जुनी ओळ आणि आजची ओळ जुळली की फाइल शाबूत.

फक्त एक आहे, तिन्ही खोल्या १४.१३ च्या दाखवणाऱ्या त्या स्कॅनचा हॅश काढला असता तर तोही दर वेळी बरोब्बर जुळला असता. फाइल साठवल्यापासून बदलली नाही एवढंच हॅश सांगतो, साठवताना ती बरोबर होती का हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून स्कॅन झाला की लगेच कागद श्रेडरमध्ये घालायची घाई मला पटत नाही, आधी थोडी पानं काढून मूळ कागदाशी आकडे ताडून बघावेत, निदान रकमा आणि मापं तरी. त्या प्लॅनचंही मूळ कागद हाताशी होता म्हणून कळलं.