वापरलेल्या वस्तू कलादालनात कशा आल्या

शिल्प म्हणजे दगड, लाकूड नाहीतर धातू, या समजुतीला पहिला तडा गेला १९१२ च्या सुमारास. पिकासोने त्या वर्षी वेताची वीण छापलेलं मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि भोवती चौकट म्हणून चक्क दोरखंड बसवला. पुढच्याच वर्षी फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँने सायकलचं चाक स्टुलावर उभं केलं. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी त्याने 'आर. मट' अशी सही करून चिनी मातीची मुतारी पाठवली. शुल्क भरेल त्याची कलाकृती मांडायची, असा आयोजकांचा नियम होता, तरी ती मांडली गेली नाही.

हा इतिहास नेहमी द्यूशाँपासून सांगतात. मला मात्र आजच्या मांडणशिल्पाचा, म्हणजे वस्तू जागेत मांडून घडवलेल्या कलाकृतीचा, खरा पूर्वज जर्मन कलावंत कुर्त श्विटर्स वाटतो. द्यूशाँला आवडनिवड जागी न करणारी वस्तू हवी असे. श्विटर्सला वापरून झालेलीच वस्तू लागे. पहिल्या महायुद्धानंतरच्या हॅनोव्हरमध्ये तो ट्रामची तिकिटं, वेष्टणं, तारा, लाकडाचे तुकडे वेचत राहिला. पुढे राहत्या घराच्या खोल्यांचंच त्याने शिल्प केलं. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ते नष्ट झालं.

१९६७ मध्ये इटलीत 'आर्ते पोवेरा' (म्हणजे 'गरीब कला') चळवळीने चिंध्या, माती, कोळसा असल्या साध्या सामग्रीला मानाचं स्थान दिलं. त्यानंतर ही वाट जगभर रुळली.

घानात जन्मलेला आणि नायजेरियात कारकीर्द घडलेला शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं ठोकून सपाट करतो, दुमडतो, भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांत गुंफतो. हजारो झाकणांचा भिंतभर पडदा तयार होतो. त्याला ठरलेला आकार नाही. दर प्रदर्शनात चुण्या वेगळ्या पडतात आणि त्या कशा पाडायच्या हे मांडणारे ठरवू शकतात. युरोपी व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत आणलेली दारू आणि तिच्याशी जोडलेला गुलामांचा व्यापार, दोन्ही त्या झाकणांमागे आहेत. साहित्य बदललं तर कलाकृतीचा अर्थच जाईल.

चीनच्या सोंग डोंगने २००५ मध्ये बीजिंगमध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं. त्याच्या आईने टंचाईच्या सवयीने काहीही फेकलं नव्हतं: साबणाच्या वड्या, टूथपेस्टच्या रिकाम्या नळ्या, बाटल्या, जोडे, भांडी. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तर हा साठा घरभर पसरला. दहा हजारांहून अधिक वस्तू त्याने घराच्या लाकडी सांगाड्यासह मांडल्या. इथे कलावंताने वस्तू निवडल्याच नाहीत, त्या आईने आधीच जपल्या होत्या. मांडणीच्या कामातही ती मुलाच्या बरोबरीने होती.