वणांवरील लेसर व इतर बिनशस्त्रक्रिया उपचार

जखम त्वचेच्या खालच्या थरापर्यंत गेली की पूर्वीची त्वचा परत तयार होत नाही. शरीर तिथे कोलॅजन तंतूंचे ठिगळ लावते. हाच वण. तो वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ बदलत राहतो. कोणत्याही उपचाराने तो सपाट, मऊ किंवा फिकट होतो, पुसला जात नाही. ‘वण कायमचे घालवा’ असे फलक लावणारी दवाखानावजा ब्यूटी पार्लरे हे सांगत नाहीत.

कोलॅजन कमी पडले की खड्डा राहतो. मुरूम, कांजिण्या आणि पूर्वीच्या देवीचे वण हे असे. कोलॅजन जास्त झाले की उंचवटा येतो. हा उंचवटा जखमेच्या हद्दीत राहिला तर अतिवृद्ध वण, हद्द ओलांडून धडधाकट त्वचेवर पसरला तर केलॉइड. कान टोचल्यावर पाळीला येणारी टणक गाठ किंवा छातीवर साध्या पुळीनंतर वाढत जाणारा खाजरा पट्टा ही केलॉइडची नेहमीची उदाहरणे. सावळ्या त्वचेत ते अधिक आढळते.

ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश त्वचेतला ठरावीक घटकच शोषतो, या तत्त्वावरचे त्वचा-लेसर अँडरसन व पॅरिश या अमेरिकी संशोधकांच्या १९८३ मधील मांडणीनंतर पुढे आले. ५८५ ते ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेसर रक्तातील हिमोग्लोबिनवर काम करतो, म्हणून तो लालसर, ताज्या वणांसाठी. खड्ड्यांसाठी वापरतात तो कार्बन डायऑक्साइड लेसर पेशींतल्या पाण्यावर काम करतो. बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या कुमार पटेल यांनी तो १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये शोधला. पूर्वी त्याने त्वचेचा अख्खा थर जाळून काढत. २००४ मध्ये फ्रॅक्शनल पद्धत मांडली गेली आणि चित्र बदलले: किरण जाळीसारखी बारीक छिद्रे पाडतो, मधली त्वचा शाबूत राहते आणि तिच्या आधाराने जखम लवकर भरते. आधी बधिर करणारे मलम तासभर लावून ठेवतात. किरण पडताना चटके बसतात, जळका वास येतो. नंतर चेहरा लाल होतो आणि काही दिवसांनी तपकिरी खरखरीत खपल्या गळतात. बैठका बहुधा महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने, तीन ते पाच.

आपल्याकडच्या गव्हाळ ते काळ्या वर्णात खरी अडचण पुढे येते. उष्णतेने चिडलेल्या रंगपेशी जास्त रंगद्रव्य बनवतात आणि खड्ड्याच्या जागी महिनोन्‌महिने टिकणारा काळा डाग उमटतो. म्हणून ऊर्जा कमी ठेवतात, बैठकांत अंतर राखतात आणि सनस्क्रीनची सक्ती करतात. अरुंद, खोल खड्ड्यांत तर लेसरपेक्षा तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचा थेंब काडीने सोडणे स्वस्त पडते आणि अनेकदा अधिक उपयोगीही ठरते. पसरट खड्ड्यांसाठी सूक्ष्म सुयांचा उपचार आहे. त्यात रंग बिघडण्याचा धोका कमी.

केलॉइडवर पहिला मान इंजेक्शनचा. ट्रायॲमसिनोलोन हे स्टेरॉइड चार ते सहा आठवड्यांनी गाठीतच टोचतात; गाठ इतकी घट्ट असते की औषध आत ढकलायला जोर लावावा लागतो. खाज लवकर कमी होते, उंची सावकाश. औषध आजूबाजूला पसरले तर तिथली त्वचा पातळ व पांढरट होते. काही ठिकाणी द्रव नायट्रोजनने गाठ गोठवतात. नुसती कापून काढलेली गाठ बरेचदा परत येते, कधी पूर्वीपेक्षा मोठी.

उंच वणांसाठी सिलिकॉनची पट्टी रोज बारा तासांहून अधिक, दोन-तीन महिने तरी लावावी लागते. भाजलेल्यांना मापाचे घट्ट दाबकपडे जवळजवळ दिवसभर घालावे लागतात. उन्हाळ्यात ते सोसणे हीच शिक्षा. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून तेल चोळण्याचा प्रघात घरोघरी आहे; त्याचा खात्रीलायक फायदा दिसलेला नाही, काहींना पुरळ मात्र उठते.