‘संस्थेला कळवलं होतं’ हे पुरत नाही: पोक्सोखाली पोलिसांना खबर द्यायची पद्धत

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांना द्यायलाच लावणारा कायदा म्हणजे पोक्सो. मुख्याध्यापक, वसतिगृहाचे अधीक्षक, गृहपाल यांच्यासोबत या विषयावर बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘विहित नमुना कुठला?’ या कामाला विहित नमुना नाही. कार्यकारिणीचा ठराव लागत नाही, पालकांचं ना-हरकत लागत नाही, मुलाचा जन्मदाखला जोडावा लागत नाही. साधा कागद चालतो, तोंडी सांगितलं तरी चालतं. तरीही माणसं अडकतात, कारण कागद गोळा करायची सवय इतकी मुरलेली असते की पोलीस ठाण्याआधी पाय संस्थेच्या कार्यालयाकडे वळतात.

खबर कोणी द्यायची? पोक्सो कायद्याचं कलम 19 म्हणतं, कोणीही. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला समजलं, किंवा तो होईल अशी ज्याला धास्ती वाटते, त्याने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. स्वयंपाकीण असो, शिपाई असो, विश्वस्त असो. न कळवल्यास कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंडही. खबर नोंदवून न घेणारा पोलीसही याच कलमात येतो, हे ठाण्यात जाताना लक्षात असू द्या. न कळवल्याची ही शिक्षा मुलांना मात्र लागू नाही.

आता चोवीस तासांबद्दल. सगळ्यात जास्त माणसं इथे घसरतात. ‘आमच्याकडे चोवीस तास होते ना?’ असं मला कितीदा विचारलं गेलंय. नव्हते. कलम 19 मधले चोवीस तास पोलिसांसाठी आहेत: खबर मिळाल्यापासून तेवढ्या वेळात त्यांनी बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. बदलापूरच्या घटनेनंतर (ती पुढे येते) शासनाने शाळांना आणखी एक चोवीस तासांची मुदत घालून दिली, पण ती शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याची. पोलिसांकडे जाण्यासाठी कायद्याने तुम्हाला अशी मोजून मुदत दिलेलीच नाही. याचा अर्थ हवा तेवढा वेळ आहे असा कोणी घेऊ नये. दुपारी कळलं तर दुपारीच जायचं. शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवलेला ईमेल म्हणजे पोलिसांना दिलेली खबर नव्हे, आणि संस्थेच्या अध्यक्षांना केलेला फोन तर कशातच धरला जात नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. पुढे तपास पथकाने माहिती असून पोलिसांना न कळवल्याबद्दल संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि मुख्याध्यापिका यांच्यावर गुन्हा नोंदवला. त्याआधीचं प्रकरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असून न कळवणं हाच गंभीर गुन्हा आहे, असं सांगितलं.

दुसरी अडचण ‘आधी खात्री करून घेऊ’ ही. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण संस्थेने नेमलेली चौकशी समिती मुलीला चार अनोळखी माणसांसमोर उभी करते, तेच तेच पुन्हा वदवून घेते, आणि तोपर्यंत ज्याच्यावर संशय आहे त्याला सगळं कळलेलं असतं. खरं-खोटं करायचं काम पोलिसांचं आणि न्यायालयाचं. तुम्ही सद्भावनेने दिलेली खबर पुढे टिकली नाही, तरी कलम 19 च्याच शेवटच्या पोटकलमाप्रमाणे तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. खोट्या तक्रारीची कलम 22 मधली शिक्षा आहे ती कोणाची बदनामी करायला किंवा पैसे उकळायला मुद्दाम रचलेल्या तक्रारीला. ही दोन कलमं वेगळी आहेत, पण ती एकच असल्यासारखी भीती स्टाफरूममध्ये घातली जाते. कोण घालतं, तेही बघत जा.

शाळेची अंतर्गत तक्रार समिती किंवा मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमलेली सखी सावित्री समिती हीसुद्धा पोलिसांची जागा घेत नाही. ‘समितीकडे पाठवलंय’ असा शेरा मारलेली फाइल मी पाहिली आहे. त्या शेऱ्याखालची सही पुढे मुख्याध्यापकांच्याच अंगाशी आली, कारण ‘माहिती होती’ हे त्यांनी स्वतःच्या हाताने, तारखेसह लिहून ठेवलं होतं.

पत्रात काय लिहायचं? तुम्ही कोण, तुम्हाला काय कळलं, कोणाकडून, कधी आणि किती वाजता. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत. तुमचा अंदाज नको, ‘विनयभंगसदृश प्रकार’ असले गुळगुळीत शब्द नकोत. दोन प्रती काढा, संस्थेच्या जावक नोंदीत मुलाचं नाव येऊ देऊ नका, पालक सोबत नसले तरी थांबू नका. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) बंद करून बाजूला ठेवा, नाहीतर जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. त्यातला तुकडा मोबाइलवर घेऊन कोणाला पाठवायचा नाही. हजेरीपट आणि भेट देणाऱ्यांची वही आहे तशी ठेवा, नंतर ‘दुरुस्त’ केलेली वही हा आणखी एक गुन्हा असतो. मुलाचं नाव, गाव, वर्ग, फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला तर ओळख उघड करण्याबद्दलचं कलम 23 लागतं, आणि ग्रुपवर टाकणारे बहुतेक वेळा हळहळ व्यक्त करणारेच असतात.

मग येतो तो कागद, जो जवळपास कोणाकडेच नसतो: पोच. कलम 19 प्रमाणे प्रत्येक खबरीला नोंद क्रमांक द्यायचा, ती लेखी घ्यायची आणि खबर देणाऱ्याला वाचून दाखवायची. प्रत्यक्षात ठाणे अंमलदार ‘साहेब आले की बघतो, तुम्ही जा’ म्हणतात आणि सर निघून येतात. सहा महिन्यांनी प्रश्न येतो, तुम्ही कळवलं होतं याला पुरावा काय? नोंद क्रमांक, तारीख, वेळ आणि शिक्का दुसऱ्या प्रतीवर घेतल्याशिवाय बाकावरून उठू नका. गुन्हा दाखल झाल्यावर एफआयआरची प्रतही खबर देणाऱ्याला विनामूल्य मिळते. हद्दीचं कारण सांगितलं तर ते चालत नाही, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवता येतो. तरीही नकार आला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने. स्पीड पोस्टची पावती जपा. त्यानेही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी. दरम्यान 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करून ठेवा.

पुढचा जबाब, वैद्यकीय तपासणी हे पोलिसांचं आणि डॉक्टरांचं काम. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. तसं होत असेल तर बोला.

आता कायदा जिथे थांबतो ते. कलम 19 धास्ती वाटली तरी कळवा म्हणतं, पण कलम 21 ची शिक्षा घडलेला गुन्हा न कळवल्याची आहे. हा फरक वकील लगेच दाखवतात आणि संस्थाचालकांचा जीव भांड्यात पडतो: ‘म्हणजे नुसत्या संशयाला शिक्षा नाही!’ नाही. रात्री मुलींच्या खोल्यांकडे फिरणाऱ्या कर्मचाऱ्याबद्दल तुम्हाला महिनाभर शंका होती आणि तुम्ही गप्प बसलात, तर कदाचित न्यायालय तुम्हाला काही करणार नाही. त्या मुलींच्या आईवडिलांसमोर उभं राहून हे वाक्य म्हणून दाखवा एवढंच माझं म्हणणं आहे.

सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तर प्रमुखाने पोलिसांना कळवलंच पाहिजे अशी पोक्सोसारखी सक्ती नाही. तिथे तिची इच्छा आधी विचारायची. कामाच्या जागी अंतर्गत समितीकडे लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांत करता येते आणि समिती ती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते, हे तिला सांगणं तुमच्याकडे लागतं. ‘तिने तक्रारच केली नाही’ असं म्हणणाऱ्या किती प्रमुखांनी तिला तक्रार कुठे करायची ते सांगितलेलं असतं?

आणि संशय असलेल्या कर्मचाऱ्याचा राजीनामा. ‘त्याला काढून टाकलं, विषय संपला’ म्हणणारे सोबत चांगल्या वर्तणुकीचं अनुभव प्रमाणपत्रही देतात, शेजारच्या तालुक्यातली शाळा ते बघून त्याला नेमते. राजीनाम्याने कळवायचं बंधन सुटत नाही. प्रमाणपत्रावर सही करायची की नाही हे मात्र कुठलंही कलम तुम्हाला सांगणार नाही.

पोच मिळालेली प्रत संस्थेच्या फाइलला लावा, आणि एक झेरॉक्स बंद पाकिटात स्वतःकडे ठेवा. बदल्या होतात, माणसं निवृत्त होतात, फाइली हरवतात, आणि नेमकी हीच फाइल हरवलेली मी दोनदा पाहिली आहे.