अंगठा एकच, ठसे अनेक

तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारात वर्षानुवर्षं गोणी उचललेला माथाडी कामगार रेशनच्या ई-पॉस मशीनवर बोट ठेवतो आणि ‘अंगठा लागत नाही’. सिमेंट कालवणाऱ्या हातांचंही तेच. घासून आणि क्षारांनी रेषा झिजतात, मशीनला धरायला काही उरत नाही. पण काहींना उलटीच भीती असते: दुसऱ्याच कुणाचा अंगठा माझ्या नावावर लागला तर?

दोन माणसांची सबंध बोटं तंतोतंत सारखी असल्याचं आजवर आढळलेलं नाही. जगातलं प्रत्येक बोट कुणी ताडून पाहिलेलं नाही, हेही खरं. पण ती वेगळी का निघतात, हे आता बऱ्यापैकी उलगडलं आहे.

गर्भ साधारण दहा आठवड्यांचा असताना बोटांच्या टोकांवर फुगीर गाद्या असतात. त्यांची उंची आणि आकार बराचसा जनुकांवर ठरतो, आणि त्यावरून बोटावर चक्र येणार, शंख येणार की नुसती कमान, हे ठरतं. म्हणूनच बापलेकांच्या बोटांची ठेवण पुष्कळदा जुळते. २०२३ साली एडिंबरोच्या संशोधकांनी दाखवलं, की रेषा तीन ठिकाणांहून लाटांसारख्या पसरतात: गादीच्या मध्यातून, नखाखालच्या टोकाकडून आणि पेराच्या घडीकडून. लाटा जिथे एकमेकींना भिडतात तिथे एखादी रेष मध्येच संपते, एखादी दुभंगते. ती नेमकी कुठे, हे पेशींच्या वाढीतल्या बारीकसारीक योगायोगांवर अवलंबून. त्यामुळे एकाच बीजाच्या जुळ्यांतही चक्राला चक्र मिळेल, फाटे मिळणार नाहीत. सतराव्या आठवड्याच्या सुमारास हा आराखडा पक्का होतो. वरवर भाजलं-कापलं तरी कातडी त्याच रेषा पुन्हा काढते. जखम खोल गेली तर व्रण राहतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८९२ साली दोन ठसे जुळण्याची शक्यता ६४ अब्जांत एक अशी मांडली होती. आज ८ अब्ज माणसांची बोटंच ८० अब्ज भरतात! त्याचा आकडा ढोबळ होता. ठशांची ओळख त्यावर उभी नाही.

खरी गोम बोटात नाही, ठशात आहे. स्टॅम्प पॅडवर अंगठा हलका टेकवा आणि कागदावर नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच दिशेने फिरवा. तोच अंगठा पुन्हा शाई लावून जोरात दाबा. दुसऱ्या ठशात रेषा चपट्या होऊन एकमेकींत मिसळतात, मधल्या खाचा शाईने भरतात. दोन रेषांमधलं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर. तेवढ्या जागेत फाटा होता की शाईचा थेंब, हे भिंगातूनही सांगता येत नाही. आणि हा आपण मुद्दाम दिलेला ठसा. गुन्ह्याच्या जागी मिळतो तो अर्धामुर्धा आणि पुसट.

२००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांत एका प्लॅस्टिकच्या पिशवीवर सापडलेला ठसा एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेच्या तज्ज्ञांनी अमेरिकेतले वकील ब्रँडन मेफिल्ड यांचा ठरवला. त्यांना अटक झाली. स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवल्यावर एफबीआयने माफी मागितली. बोटं सारखी नव्हती. अर्धवट ठशातला जेवढा भाग दिसत होता, तेवढा सारखा वाटला.

मोबाइलचा सेन्सरही बोटाचा तुकडाच वाचतो. आयफोनच्या टच आयडी सेन्सरवर नोंदवलेल्या एका बोटाशी परक्या बोटाचा मेळ बसण्याची शक्यता ॲपल ५०,००० त एक सांगते. पाच बोटं नोंदवलीत तर ती साधारण १०,००० त एक होते. म्हणून घरच्या सगळ्यांची बोटं एकाच फोनमध्ये भरू नयेत.

रेशनवर अंगठा लागत नसेल तर आधी हात धुऊन कोरडे करा. घामाने खाचा बुजतात. कातडी फारच रखरखीत असेल तर ओल्या फडक्यावर बोट टेकवून पुसा आणि मग ठेवा. बोट मशीनवर सपाट ठेवा, घासू नका, दाबू नका. अंगठ्याचा हट्टही नको, कमी झिजलेलं दुसरं बोट चालतं. रोजच अडत असेल तर आधार केंद्रात ठसे नव्याने द्या. मुलांचे ठसे वयाच्या पाचव्या वर्षानंतर द्यावे लागतात आणि पंधराव्या वर्षानंतर पुन्हा अद्ययावत करावे लागतात, हे पुष्कळ घरांत राहून जातं. आणि कुणी आपल्या नावावर अंगठा लावेल या धास्तीने आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं असेल, म्हणजे ठशांनी ओळख पटवणं बंद करून ठेवलं असेल, तर रांगेत उभं राहण्याआधी ते उघडा.